दिवाळीचा ड्रोन आणि आपल्याकडचा वारा

दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर कऱ्हाडातल्या माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात एक प्रश्न हमखास येतो, "दादा, कॅमेरा कितीचा आहे यात?" ड्रोन पोराला हवा असतो, कॅमेरा बापाला. दीड-दोन हजारांच्या खेळण्याच्या डब्यावर ठळक अक्षरांत 'फोर के' छापलेलं असतं. आत बहुतेकदा अगदी साधा कॅमेरा, तोही थेट सांगाड्याला चिकटवलेला. मोटरची थरथर चित्रात उतरते आणि वायफायवरून फोनपर्यंत येता येता ते चित्र अडखळतं. पहिला ड्रोन घेताना कॅमेऱ्याचे पैसे वाचवा आणि त्यात दोन जादा बॅटऱ्या घ्या, असं मी सांगतो. काहीजण ऐकतात. बाकीचे सुट्टी संपली की दुरुस्तीला येतात.

मला विचाराल तर पहिला प्रश्न वाऱ्याचा हवा. ठोसेघरचा धबधबा बघून लोक पुढे चाळकेवाडीच्या पठारावर जातात. तिकडे वनकुसवड्यापर्यंत आणि इकडे सांगली जिल्ह्यात ढालगावकडे पवनचक्क्या उभ्या आहेत, त्या काही शोभेला नाहीत. खेळण्यातल्या ड्रोनचं वजन साधारण सत्तर ते शंभर ग्रॅम, म्हणजे एखाद्या मध्यम कांद्याएवढं. जमिनीवर झाडाचं पान हलत नसलं तरी घराच्या कौलांवर वारा असतो, आणि जितकं वर जाल तितका तो वाढतो. पोरगं खाली उभं राहून म्हणतं, "इथं तर वाराच नाही."

डब्यावर 'अल्टिट्यूड होल्ड' लिहिलेलं असतं. ही सोय खरोखर कामाची आहे आणि नवशिक्यासाठी ती असायलाच हवी. आत हवेचा दाब मोजणारी एक बारीक चिप असते. दाब बदलला की ड्रोन वर-खाली झाला हे तिला कळतं आणि मोटरचा वेग त्याप्रमाणे कमी-जास्त होतो. बोट काढलं तरी ड्रोन त्याच उंचीवर राहतो. लोकांचा घोटाळा पुढे होतो. उंची धरली म्हणजे जागाही धरली असं त्यांना वाटतं. जागा धरायला जीपीएस किंवा तशी दुसरी सोय लागते, आणि ती या किमतीत नसते. मग ड्रोन तीच उंची राखून, अगदी शिस्तीत, शेजारच्या उसात जातो. दिवाळीत ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो. वाळव्याकडच्या एका गिऱ्हाइकाचा ड्रोन असाच फडात शिरला, तो तोड आल्यावर सापडला. फड पेटवला नव्हता म्हणून निदान ओळखू तरी आला.

रिमोटवर 'घरी परत ये' असं एक बटण असतं, त्याच्यावरही विसंबू नका. जीपीएस नसलेल्या ड्रोनला घर कुठं आहे हेच माहीत नसतं. उडताना तुमचा ड्रोन ज्या दिशेला तोंड करून होता, त्याच्या उलट दिशेला तो येतो, एवढंच. वारा आडवा असेल तर तेही नाही.

थोडे जास्त पैसे घातले की पोटाखाली आणखी एक छोटा कॅमेरा मिळतो. तो फोटोसाठी नसतो. खालची जमीन सरकते का हे बघत राहून तो ड्रोनला जागेवर ठेवतो. फरशीवर, मातीवर, गवतावर हे छान चालतं. अगदी पांढऱ्या गुळगुळीत फरशीवर किंवा अंधारात त्याला काही दिसत नाही. आणि प्रीतिसंगमावर पाण्यावरून उडवलात तर खालून कृष्णामाई वाहत असते. ड्रोनला वाटतं आपणच मागे पडलो, म्हणून तो पाण्याबरोबर निघतो. घाटावर हे खेळणं काढू नका.

मग उडवायचा कुठं आणि कधी? दिवाळीत सकाळी ऊन चढायच्या आत, शाळेच्या मैदानावर. ऊन तापलं की हवा उसळायला लागते. मे महिन्यात तर वावटळी उठतात. आषाढात विषयच नाही. घरात शिकवायचं असेल तर रिकामा हॉल घ्या, पंखा बंद करा, आणि छताजवळ नेऊ नका. छताजवळ गेला की तो वर ओढला जातो आणि पाती घासतात.

दुरुस्तीला येणाऱ्या ड्रोनमध्ये आजार तेच तेच. परवा एक आला, तिरका उठायचा आणि जागीच उलथायचा. मालक म्हणाले, "मोटर गेली." मी भिंगाखाली धरला. चारही मोटरी ठणठणीत होत्या. समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन मोटरी एका दिशेला फिरतात, उरलेल्या दोन उलट दिशेला. तसं नसतं तर अख्खा ड्रोन भोवऱ्यासारखा गरगरला असता. म्हणून पातीही दोन प्रकारची असतात, त्यांवर बारीक 'ए' आणि 'बी' कोरलेलं असतं. ह्यांनी पाती बदलताना 'ए'च्या जागी 'बी' बसवलं होतं, तो कोपरा वर ढकलायच्या ऐवजी खाली दाबत होता. सांगाड्यातल्या वायरींवरूनही ओळखता येतं. लाल-निळ्या वायरची मोटर एका दिशेची, काळ्या-पांढऱ्या वायरची दुसऱ्या. पाती अदलाबदल केली, उडाला. एका मोटरच्या दांड्याला मात्र घरातल्या कुणाचा तरी लांब केस घट्ट गुंडाळला होता. तो चिमट्याने सोडवायला पाती बदलण्यापेक्षा जास्त वेळ गेला.

मोटर खरोखर जळते ती पडल्यावर. ड्रोन गवतात अडकतो, पातं फिरत नाही, आणि घाबरलेलं पोर रिमोटची काठी वरच धरून बसतं. आदळतोय असं दिसलं की आधी काठी खाली ओढायची, हे पहिल्या दिवशी शिकवा. मग वर-खाली, मग शेपटी आपल्याकडे ठेवून चौकोन. तोंड आपल्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं, तिथं सगळेच गोंधळतात, आणि तिथंच खरं उडवणं सुरू होतं. 'हेडलेस' नावाचं बटण हा गोंधळ लपवतं. ते बंदच ठेवा.

बॅटरी ३.७ व्होल्टची असते, सहा-आठ मिनिटं चालते. डब्यावर वीस मिनिटं लिहिलेली असतील तर त्या दोन-तीन बॅटऱ्या मिळून. उडवून आणल्यावर गरम असताना चार्जिंगला लावू नका, रात्रभर लावून झोपू नका, फुगली तर टाकून द्या.

कायद्याचंही थोडं. २५ ऑगस्ट २०२१च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' धरला आहे. तो चालवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. म्हणजे कुठंही उडवा असं नव्हे. विमानतळाच्या आसपासच्या हद्दी त्यालाही लागू आहेत, आणि कऱ्हाडात वारुंजीला विमानतळ आहे. कास, कोयना, सागरेश्वर इथं वनखात्याला विचारल्याशिवाय नको. आणि रात्री तर नकोच. २०२४च्या पावसाळ्यात पुणे, बीड, जालन्याकडे रात्री ड्रोन दिसल्याच्या बातम्यांनी गावंच्या गावं जागत बसली होती. अंधारात लुकलुकणारं खेळणं शेजाऱ्याच्या अंगणावर गेलं तर पोराचं कौतुक होणार नाही.

परवा तासगावचे एक द्राक्ष बागायतदार विचारत होते, यातून पुढे काही होतं का? बांधावर उतरणारा फवारणीचा ड्रोन त्यांच्या नातीने पाहिलाय. होतं की. डावी काठी उंची आणि वळण, उजवी पुढे-मागे आणि बाजूला. फवारणीच्या ड्रोनलाही साधारण हेच. प्रमाणपत्र अठराव्या वर्षी मिळतं, दहावी पास लागते. 'थ्री इडियट्स'मधला ड्रोन ज्या आयडियाफोर्जच्या पोरांनी बनवला, ती आयआयटी मुंबईची. तिथल्याच मुलांच्या द्रोणा एव्हिएशनचा 'प्लूटो' हा छोटा, स्वतः जोडायचा, प्रोग्रॅम करता येणारा ड्रोन आहे. तो खेळण्यापेक्षा महाग. पहिला ड्रोन पोरीने दोन महिने उडवला तर मग त्याचा विचार करा.

आत्ता दुकानात गेलात की पात्यांभोवती जाळी आहे का ते बघा आणि सुटी पाती, सुटी बॅटरी मिळते का ते विचारा. "नाही, पण कॅमेरा भारी आहे" असं उत्तर आलं तर पुढच्या दुकानात चला.