मांजरीचा डोळा म्हणून हसू नका

गळीत ऐन भरात असताना आमचे एक सभासद शेतकी कार्यालयात आले. तोडीची चिठ्ठी कधी मिळते हे विचारता विचारता त्यांनी मोबाईलवर लग्नातला एक फोटो दाखविला. दीड वर्षाचा नातू आजीच्या कडेवर. एका डोळ्याची बाहुली लाल आलेली, दुसऱ्याची मात्र पांढरी. "मांजरीवानी चमकते भाऊ त्याचा डोळा, घरचे सारे हासतात. तोड झाली का नेतो पोट्ट्याले दाखवाले."

आम्ही त्यांना थांबू दिले नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांच्यासोबत नागपूरला धंतोली गाठली. धंतोली म्हणजे डॉक्टरांची वस्ती. जिकडेतिकडे दवाखान्याच्या पाट्या, आणि गाडी लावायला हातभर जागा मिळेल तर शपथ! नेत्रतज्ज्ञांनी थेंब टाकून बाहुली मोठी केली व आतला पडदा पाहिला. पुढील तपासण्यांत नाव कळले, रेटिनोब्लास्टोमा. डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग.

हा रोग बहुतेक पाच वर्षांच्या आतील मुलांना होतो. सुरुवातीस डोळा दुखत नाही, पोर खेळत असते, म्हणून घरचे गाफील राहतात. गाठीवर पडलेला उजेड परत फिरतो, तोच फोटोत पांढरा दिसतो. काहींचा डोळा तिरळा होतो, आणि आपल्याकडे त्याला शुभ म्हणण्याची खोड! पांढरी बाहुली मोतीबिंदूनेही दिसते, कधी फोटोच्या कोनानेही. पण ते डॉक्टरांनी ठरवावे, आपण नव्हे. रोग डोळ्यातच असताना सापडला तर बहुतेक मुले वाचतात, पुष्कळदा डोळाही राखता येतो. नसेच्या वाटेने मेंदूकडे सरकला की काम कठीण. काही घरांत दोष आनुवंशिक असतो, म्हणून भावंडांचेही डोळे तपासून घ्यावे लागतात.

मोठ्या माणसांचे डोळेही चुगली करतात बरे. एकच पापणी खाली आली, त्याच बाजूची बाहुली बारीक झाली आणि खांदा ठणकतो, तर बिडी ओढणाऱ्याने छातीचा फोटो काढून घ्यावा. फुफ्फुसाच्या वरच्या टोकाची गाठ तिथल्या नसा दाबते. डोळे पिवळे झाले की आपण काविळीचा झाडपाला घेतो. पोट न दुखता आलेली अशी कावीळ स्वादुपिंडाच्या गाठीचीही असू शकते.

खर्चाच्या धास्तीने कोणी घरी बसू नये. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील अनेक उपचार येतात. रेशनकार्ड व आधार सोबत न्यावे.

नातवाचे उपचार सुरू आहेत. आजोबा नागपुरात असताना तोडीची चिठ्ठी आली, तेव्हा शेजाऱ्यांनीच उभे राहून ऊस गाडीत भरून दिला.