तापाची पहिली नोंद

1918 च्या जूनमध्ये इन्फ्लुएन्झा बंदरावाटे मुंबईत शिरला. 10 जूनला सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. त्यांतल्या एकाची नेमणूक गोदीवर होती. ही लाट त्या मानाने सौम्य होती. सप्टेंबरातली दुसरी मात्र जीवघेणी ठरली आणि मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे दगावली. गावोगाव या साथीला मानमोडी म्हणत. मला महत्त्वाचे वाटतात ते मधले तीन महिने. महायुद्धामुळे सैनिकांची ये-जा वाढली होती, साताऱ्यातून जाणारी पुणे-मिरज रेल्वे चालू होती आणि त्याच युद्धाने कितीतरी डॉक्टर आघाडीवर नेले होते. रोग पसरायला वाट मोकळी, तो ओळखणारी माणसे मात्र दूर.

तासगाव, वाळवा, खानापूर हे आजच्या सांगलीतले तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. मृत्यूची नोंद गावकामगार करत. पटकी, देवी, प्लेग वेगळे लिहिले जात. बाकी बहुतेकांपुढे नुसते ‘ताप’. हिवताप त्यात, विषमज्वर त्यात आणि मानमोडीही त्यातच. म्हणून साथीचे बळी पुढे अंदाजानेच मोजावे लागले : एरवीपेक्षा तापाचे मृत्यू किती वाढले, यावरून. माणूस मेला की नोंद होई, आजारी पडला तेव्हा नाही. मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांचे रुग्णालय 1894 पासून होते आणि त्याचा लौकिकही मोठा होता. पण रुग्णालय दारात आलेल्या रोग्यावर उपचार करते. एखाद्या वाडीत आठवडाभरात चार घरे तापाने अंथरुणाला खिळली, हे त्याला तिथे बसून कसे दिसणार? त्यासाठी जवळचा दवाखाना आणि दारोदार फिरणारा माणूसच हवा.

यावर कोणी म्हणेल, औषधच नव्हते, मग लवकर कळून काय उपयोग? उपयोग होता. घरातले सगळेच एकदम आडवे झाले की पाणी द्यायलाही कोणी उरत नाही, आणि 1918 ला पाऊसही दगा देऊन गेला होता. आधी कळले असते, तर बाजार-जत्रा थांबवता आल्या असत्या. धान्य, दूध, शुश्रूषेची सोय लावता आली असती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : युद्धात डॉक्टरांची पहिली गरज सैन्याला. पण सैन्य येते कुठून? साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंग्याचे 46 जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. जवान रजेवर येतो तो याच गावांत, आणि नवी भरती होते तीही इथूनच. गावचा दवाखाना ओस पाडून फौज निरोगी राहत नाही. ब्रिटनने हे पुढे ओळखले. 1939 मध्ये, दुसऱ्या महायुद्धात साथी उसळतील या धास्तीने, तिथे ठिकठिकाणी सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा उभारल्या गेल्या. भीती होती तशी मोठी साथ आली नाही, तरी युद्धानंतर ती यंत्रणा मोडली नाही, कायम केली.

आपल्याकडे आज सपाटीवर पाच हजार आणि डोंगराळ भागात तीन हजार वस्तीमागे एक उपकेंद्र, असा निकष आहे. मार्च 2020 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरात परदेशातून परतलेल्या एका कुटुंबातले चौघे करोनाबाधित निघाले. बाधितांची संख्या विशीपलीकडे गेली. पण संपर्कातली माणसे शोधून वेगळी ठेवली, परिसर बंद करून घरोघर तपासणी केली आणि तिथली ती साखळी तुटली. हे शांततेच्या काळात जमले. युद्धात इंधन, वाहने, मनुष्यबळ यांची ओढाताण होईल, आणि पहिली कात्री लागेल ती अशाच न दिसणाऱ्या कामाला. म्हणून आरोग्यसेविका आणि आशा यांच्या घरभेटी, तापाच्या रुग्णांची रोजची नोंद आणि नमुने मिरजेच्या प्रयोगशाळेपर्यंत पोचवणारी गाडी, ही तीन कामे जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात युद्धकाळातही न थांबणारी म्हणून आजच लिहून ठेवली पाहिजेत.