पोस्टर दहा पावलं मागे जाऊन बघा

मागच्या शनिवारी नववीच्या मुलांना डिझाइन शिकवायला गेलो होतो. काम होतं नेत्रतपासणी शिबिराचं पोस्टर. एकीने पांढऱ्यावर पिवळ्या अक्षरांत तारीख टाकलेली. मोबाइलवर, ब्राइटनेस फुल्ल, एकदम भारी! प्रिंट भिंतीवर लावून दहा पावलं मागे गेलो, तर तारीख गायब. आता ज्यांना आधीच कमी दिसतं, त्यांनी काय करायचं?

कॉन्ट्रास्ट चक्क मोजता येतो. वेबसाठीच्या डब्ल्यूसीएजी नियमांत साध्या मजकुराला किमान ४.५:१ लागतो. पांढऱ्यावर शुद्ध पिवळा भरतो जेमतेम १.०७:१. तोच काळ्यावर १९.५६:१! आकडे बघून वर्ग गप्प. इंजिनिअर असल्याचा एवढाच फायदा.

मग सगळ्यांना डोळे बारीक करून बघायला लावलं. आधी काय दिसतं? डोळ्याचं क्लिपार्ट. म्हणजे हायरार्की चुकली; चित्र लहान, तारीख मोठी हवी. आणि हो, देवनागरीत ओळी चिकटवू नका, वरचा उकार खालच्या वेलांटीवर आदळतो.

तिने पिवळा काही सोडला नाही. मागचा रंग काळा केला. शाळेच्या प्रिंटरची शाई संपली, तो भाग वेगळा.