घोटा लवचिक, तर वाट सुकर

आळंदी : ज्येष्ठ वद्य अष्टमीला संत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचे आळंदीतून प्रस्थान होते आणि सुमारे २५० किलोमीटरची पायवाट सुरू होते. पंढरपूरपर्यंत चालणे ज्यांना शक्य नसते, असे पिंपरी-चिंचवड, चाकण परिसरातील अनेक नोकरदार आळंदी ते पुणे किंवा पुणे ते सासवड असा एखादा टप्पा तरी चालतात. त्यासाठी नवे बूट घेतले जातात, गुडघ्यांचे पट्टे शोधले जातात. घोट्याची आठवण मात्र तो दुखू लागल्यावरच होते. वास्तविक प्रत्येक पाऊल घोट्याच्या लवचिकतेवर अवलंबून असते.

दहा अंशांचे महत्त्व

नडगीची दोन हाडे आणि पावलाचे एक हाड मिळून घोट्याचा मुख्य सांधा बनतो. पाऊल खाली झुकवणे आणि चवडा वर उचलणे, या त्याच्या दोन प्रमुख हालचाली. खाली झुकण्यास साधारण ४० ते ५० अंशांचा वाव असतो. वर येण्यास जेमतेम १० ते २० अंशांचा. सपाट रस्त्यावर चालताना टेकलेल्या पावलावरून शरीर पुढे जाते, तेव्हा नडगी पावलावर पुढे कलते. यासाठी सुमारे १० अंश लागतात. म्हणजेच निसर्गाने येथे फारशी शिल्लक ठेवलेली नाही. त्यातील चार-पाच अंश कमी झाले, तरी चाल बदलते.

इंद्रायणीच्या घाटाच्या पायऱ्या उतरताना किंवा दिवेघाटाची चढण चढताना ही गरज आणखी वाढते. ती घोट्याने भागवली नाही, तर टाच लवकर उचलली जाते, पाऊल बाहेर वळते किंवा त्याची कमान खचते. घोट्याचे काम मग गुडघा आणि तळपाय यांच्यावर येते. सकाळी अंथरुणातून उठताच टाचेत कळ येणाऱ्या अनेकांच्या पोटऱ्या आखडलेल्या आढळतात, त्याचे एक कारण हेच.

उकिडवे बसणे का सुटले?

पोटरीचे स्नायू एका जाड कंडरेने टाचेच्या हाडाला जोडलेले असतात. हे स्नायू आखडले, की घोटा वर येत नाही. टाचा टेकवून उकिडवे बसण्यासाठी घोटा पुरेपूर वाकावा लागतो; नाहीतर माणूस मागे कलंडतो. नदीकाठी कपडे धुणे, चुलीपुढे बसणे, भारतीय पद्धतीचे शौचालय यांमुळे पूर्वी हा व्यायाम दिवसातून अनेकदा आपोआप होत असे. खुर्ची, ओटा आणि कमोड आल्यावर तो सुटला. उंच टाचांच्या पादत्राणांनी पोटरी सतत आखूड अवस्थेत राहते.

कारखान्यात पाळीभर एका जागी उभे राहणाऱ्या कामगारांनाही हा प्रश्न चुकत नाही. पोटरीचे स्नायू आकुंचन पावताना पायांतील रक्त हृदयाकडे ढकलतात. घोटा हललाच नाही, तर हे काम मंदावते आणि संध्याकाळी पाय जड होतात, सुजतात. मधूनमधून टाचा उचलून टेकवल्यास आराम मिळतो.

घरच्या घरी चाचणी

भिंतीसमोर अनवाणी उभे राहावे. टाच जमिनीवर घट्ट ठेवून गुडघा भिंतीला लावावा. अंगठा भिंतीपासून थोडा-थोडा मागे नेत हे कुठवर जमते, ते मोजावे. साधारण १० सेंटीमीटर अंतर समाधानकारक मानले जाते. दोन्ही पायांत ठळक फरक असेल, तर त्याकडे लक्ष द्यावे.

सुधारणेसाठी भिंतीला हात टेकून एक पाय मागे घ्यावा, टाच न उचलता पुढे झुकावे आणि पोटरीला ताण देत ३० सेकंद थांबावे. प्रथम गुडघा सरळ ठेवून, नंतर किंचित वाकवून असे दोन-तीन वेळा करावे. कारण पोटरीतील दोन प्रमुख स्नायूंपैकी एक गुडघ्याच्याही वरून सुरू होतो, दुसरा त्याच्या खालून. रोज केल्यास काही आठवड्यांत थोड्या अंशांची भर पडते. थोड्याच अंशांची खरी, पण चालीला तेवढेच कमी पडत असतात. प्रस्थानाच्या आदल्या दिवशी केलेल्या व्यायामाने मात्र हे साधणार नाही.

डॉक्टरांकडे कधी?

ताण देताना घोट्याच्या पुढच्या बाजूस चिमटा बसल्यासारखे दुखत असेल किंवा जुने हाड मोडलेले असेल, तर जोर न करता तज्ज्ञांना दाखवावे. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली, तर तातडीने डॉक्टरांकडे जावे, कारण रक्ताची गुठळी असू शकते. मुरगळल्यावर चार पावलेही टाकता येत नसतील, तर एक्स-रे आवश्यक ठरतो. मधुमेहींनी विशेष सावध राहावे. ताठर घोट्यामुळे चवड्यावर दाब वाढतो आणि संवेदना कमी झाल्याने जखम कळत नाही. अशांनी अनवाणी चालणे टाळावे आणि प्रत्येक मुक्कामी तळपाय तपासून पाहावेत.