सोळा किलोमीटरच्या आत

तारापूर अणुऊर्जा केंद्राभोवती आपत्कालीन नियोजनासाठी १६ किलोमीटरची हद्द धरली जाते. पालघर आणि बोईसरच्या मधलं उमरोळी त्या हद्दीत येतं. केंद्राचे पहिले दोन संच १९६९ पासूनचे. जवळच रसायनांच्या कारखान्यांनी भरलेली औद्योगिक वसाहत, आणि पश्चिमेला सातपाटी, मुरबे, नवापूरचा किनारा. किरणोत्सर्ग, वायुगळती आणि समुद्रातून येणारा हल्ला, या तिन्हींचा विचार या एका पट्ट्यात करावा लागतो. आणि तिन्हींत मदतीला जाणाऱ्याचा पहिला धडा एकच असतो: थांबा.

तो अंगवळणी पाडणं फार कठीण. स्फोटाचा आवाज आला की आपली माणसं तिकडे धावतात, कुणी मदतीला, कुणी बघायला. वायुगळतीत असा धावलेला माणूस पुढच्या पाच मिनिटांत स्वतःच रुग्ण होतो. म्हणून अग्निशमन दलाचा जवान आधी वारा बघतो, वारा जिकडून येतोय त्या बाजूला गाडी लावतो, श्वसनसंच चढवतो आणि मगच आत शिरतो. घातपातात धोका आणखी कपटी असतो. पहिला स्फोट गर्दी जमवण्यासाठी आणि दुसरा त्या गर्दीसाठी, पोलिसांसाठी, डॉक्टरांसाठी ठेवलेला असू शकतो. आत जखमी विव्हळत असताना बॉम्बशोधक पथकाची वाट बघायची, याला काळीज घट्ट लागतं. प्रशिक्षणाचा खरा कस मला इथे दिसतो.

अणुकेंद्राबाहेरच्या आणीबाणीचा सराव साधारण दोन वर्षांतून एकदा होतो. सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात. पोलिस, महसूल, आरोग्य खातं, एसटी सगळे त्यात येतात. लोकांना सूचना मिळते ती घरात राहण्याची, दारं-खिडक्या लावून घेण्याची. पोटॅशियम आयोडाइडची गोळी सांगितल्यावरच घ्यायची. थायरॉइड ग्रंथी साध्या आयोडीनने आधीच भरली, की किरणोत्सारी आयोडीनला तिथे जागा उरत नाही. इतर किरणोत्सारापासून मात्र ती गोळी वाचवत नाही. तपासणी केंद्रावर मापकयंत्र केसांवरून, तळहातांवरून, चपलांच्या तळव्यांवरून हळूहळू फिरवतात. धूळ आढळली तर वरचे कपडे उतरवून पिशवीत बंद करायचे. बहुतेक दूषितपणा तेवढ्यानेच जातो. मग साबण आणि पाणी, पण कातडी खरवडेल असं घासायचं नाही.

किनाऱ्यावरचा सराव ‘सागर कवच’. २००८ मध्ये दहा अतिरेकी ‘कुबेर’ ही मासेमारी बोट बळकावून मुंबईत उतरले, त्यानंतर तो सुरू झाला. एक पथक घुसखोर बनून येतं, दुसऱ्याने ते पकडायचं. अनोळखी होडी दिसली तर मच्छीमाराने पाठलाग न करता १०९३ किंवा तटरक्षक दलाचा १५५४ फिरवायचा.

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आहे. तिथून इथे पोचायला काही तास लागतात. तोवरचा भार पोलिस पाटील, आशा सेविका, कारखान्यातला सुरक्षा अधिकारी यांच्यावरच. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, की सराव रात्रपाळीतही व्हावेत आणि सूचना मराठी-हिंदीबरोबर पाड्यांवर वारलीतही द्याव्यात. कारखान्याच्या छपरावरचं कापडी वातदर्शक कसं वाचायचं आणि गळती झाल्यास वाऱ्याला आडवं चालत कसं बाहेर पडायचं, हे कंत्राटी कामगाराला कामावर घेण्याच्या पहिल्याच दिवशी दाखवावं.