काळा ब्लॉक

सकाळी 8.30
मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयाची पॅथॉलॉजी लॅब. टेक्निशियन ताई कल्याणहून उभ्याने आल्यात. पर्स अडकवली, प्रोसेसर उघडला. रात्रभरात तुकड्यांतलं पाणी जाऊन मेण भरलंय. एका कॅसेटमधला तुकडा शाईसारखा काळा. कमरेच्या मणक्यातून निघणाऱ्या नसेवरची गाठ. एमआरआयलाच शंका आली होती. नसेच्या गाठी टी-वनवर सहसा उजळत नाहीत, ही उजळली. मेलॅनिनमुळे.

10.00
मायक्रोटोमचं चाक फिरतं. 4 मायक्रॉनची पट्टी. ब्लेड महिनाअखेरपर्यंत पुरवायची, म्हणून ताई धार सरकवत नेतात. पण या गाठीत चुन्याचे कण आहेत. पट्टीवर चरे उठतात. नवी ब्लेड काढावीच लागते. कंत्राटी पगार हातात 18,000. अंगठा दुखतो त्याचे वेगळे नाहीत.

11.45
पॅथॉलॉजिस्ट सर मायक्रोस्कोपवरून मान वर करतात. “ताई, नुसता काळोख आहे हो. रंग उतरवून द्या.”
पोटॅशियम परमँगनेट, मग ऑक्झॅलिक अ‍ॅसिड. काळं हळूहळू जातं. घाई केली की सेक्शन काचेवरून सुटतं, पुन्हा चाक.

1.30
डबा अर्धाच. पेशी दिसल्या, पण त्वचेच्या मेलॅनोमाची पसरलेली गाठही अशीच दिसते. एस-100, एचएमबी-45 या अँटिबॉडी लावायच्या. नेहमीचा रंग तपकिरी, मेलॅनिनही तपकिरी, म्हणून आज लाल. अँटिबॉडीची कुपी महाग. पिपेटचा थेंबही वाया जाऊ द्यायचा नाही.

5.00
दोन्ही लाल. मेलॅनोमातही दोन्ही येतात. फरक सांगणारी पीआरकेएआर1ए अँटिबॉडी इथल्या फ्रिजमध्ये नाही.
सर सर्जनना फोन लावतात. “गाठ पूर्ण निघालीय ना?” खरा उपचार तोच, रेडिएशनचा भरवसा कमी. पूर्वी हिला मेलॅनोटिक श्वानोमा म्हणत, बरीचशी निरुपद्रवी समजत. पण काही वर्षांनीही परत येते, फुफ्फुसातही जाते. 2020 च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणात नावातच ‘मॅलिग्नंट’ आलं. “आणि हृदयाचा एको करा. या गाठीमागे कार्नी कॉम्प्लेक्स हा आनुवंशिक आजार असेल तर तिथेही गाठ असू शकते. अंगावर काळे ठिपके आहेत का, बघा.” त्वचा तर मेलॅनोमासाठीही तपासायचीच.

5.40
खिडकीशी पेशंटचा भाऊ. राहिलेल्या चाचणीसाठी गाठीचा मेणातला ब्लॉक बाहेरच्या लॅबला न्यायचा, पैसे त्यानेच भरायचे. ताई रजिस्टरात सही घेतात.
“किती लागतील, मॅडम?”
“तिथेच विचारा, दादा. आणि हा उन्हात ठेवू नका, मेण आहे.”