रद्दी, रद्द आणि आजीची कोरी पानं

वार्षिक परीक्षा संपली, की अकोल्यात आमच्या गल्लीत रद्दीवाल्याची हाक घुमायची, "रद्दीऽऽ पेपरऽऽ!" आम्ही भावंडं वर्षभराच्या वह्यांचा गठ्ठा उचलून धूम ठोकायचो. पण दारात आजी उभी. "काहून पयता रे पोट्टेहो? कोरे पानं तं काढून घ्या आंदी!" मग ओट्यावर बसायचं, वहीच्या पिना उघडायच्या आणि शेवटची कोरी पानं अलगद सोडवायची. आजी दाभण-दोरा घेऊन त्यांची नवी वही शिवायची. लिहिलेली पानं तराजूत, कोरी पानं दप्तरात.

ही रद्दी आणि वर्तमानपत्रातला 'रद्द' हे सख्खे बहीणभाऊ आहेत, ठाऊक आहे का तुम्हाला? अरबीत 'रद्द' म्हणजे परत पाठवणं, नाकारणं. फारसीच्या वाटेनं तो मराठीत आला. नको झालेला कागद ती रद्दी आणि नको झालेला निर्णय तो रद्द. 'रद्दबातल'मधला बातलही मूळचा अरबीच, 'बातिल' म्हणजे खोटं, निरर्थक. म्हणजे आधी परत पाठवलं आणि वर निरर्थकही ठरवलं. दार लावून कडी घालावी, तसा हा जोडशब्द! अर्ज 'खारीज' होतो तेव्हा तो बाहेर काढलेला असतो, कारण खारिज म्हणजे बाहेरचा. सभा 'बरखास्त' होते तेव्हा सगळे उठतात, कारण त्या फारसी शब्दाचा अर्थच उठणं.

पण कायद्याच्या पुस्तकात रद्द शोधायला गेलात, तर तिथे भेटतं 'निरसन'. घाबरू नका, हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. धडा शिकवून झाला की बाई शंकानिरसन करतात ना? तेच हे. संस्कृतात 'अस्' म्हणजे फेकणं आणि 'निर्' म्हणजे बाहेर. मनातली शंका बाहेर टाकली की शंकानिरसन, पुस्तकातला कायदा बाहेर टाकला की कायद्याचं निरसन.

आपल्या संविधानाचं शेवटचं कलम कोणतं, सांगा पाहू? ३९५वं. ते आहे निरसनाचं! एवढा मोठा ग्रंथ लिहून झाला आणि शेवटी लिहिलं, की १९३५चा भारत शासन कायदा आणि १९४७चा भारतीय स्वातंत्र्य कायदा निरसित करण्यात येत आहेत. दोन्ही लंडनच्या पार्लमेंटनं केलेले. घर नवं झालं, आता जुन्या मालकाची पाटी काढा, असं ते कलम आहे. मला ते फार आवडतं.

त्या १९३५च्या कायद्यात आपल्या वऱ्हाडासाठी चक्क एक वेगळं कलम होतं, ४७वं. कारण वऱ्हाडाची गोष्टच विलक्षण. नावाला सत्ता हैदराबादच्या निजामाची, कारभार मात्र इंग्रजांचा, तोही मध्य प्रांताला जोडून. आणि हा कायदा काढणारं संविधान घडवणाऱ्या संविधान सभेत आपल्या वऱ्हाडातले, अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचे डॉ. पंजाबराव देशमुख होते. २६ जानेवारी १९५०ला संविधान लागू झालं आणि त्याच दिवशी तो १९३५चा कायदा पुस्तकाबाहेर गेला.

आता गंमत बघा. ३९५व्या कलमानं सगळं सरसकट फेकलेलं नाही. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे अपील नेण्याची वाट बंद करणारा १९४९चा एक कायदा होता. तो मात्र निरसनातून वगळला आहे. आजीनं कोरी पानं काढून घ्यावीत, अगदी तसं! या राखून ठेवण्यालाही कायद्यात शब्द आहे, 'व्यावृत्ती'. कितीतरी कायद्यांच्या शेवटी तुम्हाला मथळा दिसेल, 'निरसन व व्यावृत्ती'. फेकलं काय आणि राखलं काय, दोन्ही एकाच जागी.

राखायचं कशासाठी? त्यासाठी कापसाच्या बाजारात चला. १८८६ साली कारंजाला कापसाचा बाजार नियमांखाली आला. हे कारंजा आज वाशीम जिल्ह्यात आहे, पूर्वी अकोल्यात होतं. देशातला हा पहिला नियंत्रित बाजार मानतात. १८९७ला वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदाच झाला. पुढे १९३२चा कापूस बाजार कायदा आला. महाराष्ट्र झाल्यावर सगळ्या राज्यासाठी कृषी उत्पन्न पणनाचा १९६३चा एकच कायदा केला आणि विभागाविभागांतल्या जुन्या कायद्यांचं निरसन झालं. मग जुन्या कायद्याखाली नेमलेल्या बाजार समित्यांचं काय? व्यापाऱ्यांच्या परवान्यांचं काय? कापसाची गाडी भरून आलेल्या शेतकऱ्याला 'आज बाजारच नाही' म्हणायचं? म्हणून नव्या कायद्यानं सांगितलं, की जुन्या समित्या नव्या कायद्याखालच्याच समजाव्यात. कायदा गेला, काटा चालू राहिला.

बातम्यांत एक शब्द सारखा येतो, 'स्थगिती'. ती म्हणजे रद्द नव्हे, नुसता थांबा. २०२०च्या तीन कृषी कायद्यांना सर्वोच्च न्यायालयानं १२ जानेवारी २०२१ला स्थगिती दिली. १९ नोव्हेंबरला पंतप्रधानांनी ते 'मागे घेणार' म्हणून सांगितलं. तरी कायदे पुस्तकातच होते! २९ नोव्हेंबरला संसदेनं निरसनाचं विधेयक मंजूर केलं आणि राष्ट्रपतींची संमती मिळाल्यावर ते खरोखर गेले. संसदेचा कायदा पुस्तकातून काढायला संसदेचाच दुसरा कायदा लागतो.

सरकारच्या जीआरचं, म्हणजे शासन निर्णयाचं, तसं नसतं. तो सरकारनं काढला, सरकारच मागे घेऊ शकतं. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी, या विषयाचे १६ एप्रिल आणि १७ जून २०२५चे दोन जीआर आठवतात? २९ जूनला मुख्यमंत्र्यांनी ते रद्द करत असल्याचं जाहीर केलं. आणि जुन्या जीआरच्या जागी नवा बसवला, तर जुना 'अधिक्रमित' झाला म्हणतात, म्हणजे नवा त्याला ओलांडून पुढे गेला.

आता एक कोडं. गणितात उणे गुणिले उणे किती? अधिक! मग १९६३च्या कायद्यानं १९३२चा कायदा काढला आणि उद्या कुणी १९६३चाच काढला, तर १९३२चा आपोआप जागा होईल का?

नाही होणार. त्यासाठीही कायदा आहे, केंद्राचा १८९७चा जनरल क्लॉजेस ॲक्ट आणि आपल्याकडचा तसाच १९०४चा. गेलेला कायदा परत हवा असेल, तर 'तो पुन्हा लागू' असं स्वच्छ लिहावं लागतं. रद्दीवाल्याला गल्लीत यायची बंदी केली, म्हणून त्यानं नेलेली वही काही घरी चालत येत नाही.